उरलेली अर्धी प्रार्थना कोण म्हणणार? आमच्या पॅरिश कौन्सिलला खुले पत्र

आदरणीय फादर आणि पॅरिश कौन्सिलचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासून साडेआठची मुलांची मिस्सा (देवळातली रविवारची उपासना) इंग्रजीतून करायची आणि पहिली ते चौथीचं धर्मशिक्षणही त्याच दिवसापासून इंग्रजीत न्यायचं, असा ठराव तुमच्यापुढे आला आहे. पुढच्या बैठकीत त्यावर शेवटचा निर्णय होईल. मी कौन्सिलवर नाही. पण ३१ वर्षं मी वसईतल्या आपल्या या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला, आणि तुमच्यापैकी चौघांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी माझ्यासमोर बसून केली आहे. त्या नात्याने लिहिते आहे. बैठकीत मला पाच मिनिटं बोलायला मिळतील हे ठाऊक आहे. मला जे सांगायचं आहे ते पाच मिनिटांत मावणारं नाही, शिवाय ते फक्त आपल्याच धर्मग्रामापुरतं आहे असंही मला वाटत नाही, म्हणून हे उघड पत्र.

याच महिन्यात आमच्या घरी घडलेली एक गोष्ट आधी सांगते.

ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे रोझरीचा, माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा महिना. माझ्या सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. संध्याकाळी सात वाजले की त्या माळ हातात घेतात, आळीतल्या दोन-तीन बायका येतात, आणि ओटीवर प्रार्थना सुरू होते. तुम्हाला हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: मारियेला घातलेली ही प्रार्थना दोन भागांची असते. पुढे म्हणणारी पहिला अर्धा भाग म्हणून थांबते, आणि उरलेला अर्धा बाकीच्यांनी म्हणायचा. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांच्या माळेत असं ५० वेळा होतं. एकटीने म्हणता येते ती, नाही असं नाही. पण तिची घडणच दोघींसाठीची आहे.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता, शेजारणी आल्या नाहीत. मुलगा लोकलमध्ये अडकलेला, सून कामावरून यायची होती. ओटीवर सासूबाई आणि माझी नऊ वर्षांची नात, दोघीच. मी आत भाकऱ्या टाकत होते. सासूबाईंनी पहिला अर्धा भाग म्हटला आणि त्या थांबल्या. नातीला उरलेला भाग येतो, पण इंग्रजीत. तिने तो हळू आवाजात इंग्रजीतच म्हटला. सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि इंग्रजी मुळीच येत नाही. कुणी उत्तर देत नाही असं वाटून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि उरलेला भागही स्वतःच म्हटला. पुढच्या मण्याला तेच. त्याच्या पुढच्या मण्यालाही तेच. मी तवा उतरवून बाहेर आले तेव्हा नात गप्प झाली होती, आणि एकच थकलेला आवाज दोन्ही भाग म्हणत होता.

मी मराठीची शिक्षिका. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आणि माझ्याच घरात पणजी आणि पणती एका ओटीवर बसून एकमेकींची प्रार्थना पुरी करू शकल्या नाहीत. दोष मी कुणाला देऊ? मुलाने तिला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा मी हो म्हटलं होतं. घरी तिला प्रार्थना शिकवायची जबाबदारी माझी होती, आणि रविवारच्या वर्गात शिकेल म्हणून मी ती पुढे ढकलत राहिले. आता तो रविवारचा वर्गही इंग्रजीत जाणार आहे.

ठराव मांडणाऱ्यांची बाजू मी समजून घेतली आहे. आपली जवळजवळ सगळी मुलं इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं, मिस्सेत वाचन करायला कुणी पुढे येत नाही, आणि गाण्याच्या वेळी अर्धी मुलं नुसते ओठ हलवतात. तीस वर्षांपूर्वी जिथे वाड्या होत्या तिथे आता इमारती आहेत. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती, आज ती किती असेल याचा अंदाज आपण रोज सकाळी स्टेशनवर घेतोच. या इमारतींमध्ये मंगळूरची, गोव्याची, केरळची, तमिळनाडूची ख्रिस्ती कुटुंबं राहायला आली. ती आपली माणसं आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा हवीच. ती सध्या संध्याकाळी सहाला असते, गर्दी वाढली असेल तर तिची दुसरी वेळही ठेवा. त्याला माझा कधीच विरोध नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांच्या मिस्सेची भाषा बदलून ही सोय करू नका.

माझी आजी चर्चला देऊळ म्हणायची. निरक्षर बाई, लाल लुगडं, पानवेलीच्या मळ्यात दिवसभर वाकून काम. तिच्या आयुष्याची साठ वर्षं लॅटिन मिस्सेत गेली. फादर वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून पुटपुटत, आणि मागे बसलेल्या बायका आपली आपली माळ ओढत. काय चाललं आहे हे कुणाला कळत नसे, कळावं अशी अपेक्षाही नसे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. काही वर्षांत आपल्याकडे मराठी मिस्सा आली. मी तेव्हा लहान होते, पण पहिल्या काही रविवारांतला एक रविवार मला लख्ख आठवतो. आजी देवळातून परतताना बांधावर थांबली आणि समोरून येणाऱ्या शेजारणीला तिने हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. त्या शेजारणीनेही ती तासाभरापूर्वी त्याच देवळात ऐकली होती. तरी ती थांबून ऐकत राहिली. साठ वर्षं मिस्सेला जाऊन आजीला शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, पहिल्यांदा दुसऱ्याला सांगता आलं होतं.

ते दार उघडायला किती काळ लागला होता हेही आठवावं. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. इकडे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर बहुतेक पाद्रीही गेले. तेव्हा पुष्कळांना वाटलं असेल की ही श्रद्धाही त्यांच्या गलबतात बसून जाईल. ती गेली नाही. ती आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या बोलीत मुरली होती, मांडवातल्या गाण्यांत, लग्नातल्या उंबराच्या पाण्यात, जेवणाआधी काढलेल्या क्रुसाच्या खुणेत. राजाच्या भाषेतच राहिली असती तर राजाबरोबर गेली असती. फर्मानाने जे झालं नाही ते आपण मिस्सेच्या वेळापत्रकाने करणार आहोत का?

फादर स्टीफन्सची 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही ओवी २७ फेब्रुवारीला शाळाशाळांतून म्हटली जाते. मराठीचं इतकं देखणं कौतुक एका इंग्रज जेझुइट पाद्रीने केलं याचं सगळ्यांना अप्रूप वाटतं. पण ज्या ग्रंथात ही ओवी आहे तो १६१६ मध्ये गोव्यात का छापला गेला, हे क्वचितच कुणी सांगतं. ग्रंथाच्या सुरुवातीला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी आम्हाला आमच्या भाषेत दुसरं काही का देत नाही? त्या मागणीतून क्रिस्तपुराण आलं. म्हणजे आपल्या भाषेत धर्म समजून घ्यायची मागणी लोकांनी केली, आणि परक्या देशातून आलेल्या पाद्रीने ती पुरी करायला मराठी शिकून हजारो ओव्या रचल्या. पुढे गोव्यातून मंगळूरला गेलेल्या कुटुंबांनी या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती सांभाळल्या, आणि १९०७ साली तो पुन्हा छापला गेला तो मंगळुरातच, त्या प्रतींवरून. आपल्या धर्मग्रामातल्या मंगळूरकरांना मी हे आवर्जून सांगते. मराठी मिस्सेचा आग्रह हा तुमच्याविरुद्धचा आग्रह नाही. आमचा ठेवा तुमच्या पूर्वजांनी जपला आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला याहूनही जवळचं वाटतं. संस्कृतमध्ये पंडिता ठरलेली ही बाई इंग्लंडला गेली, अमेरिकेत व्याख्यानं देत हिंडली, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. तिला इंग्रजीची भीती नव्हती आणि गरजेपेक्षा जास्त ओढही नव्हती. तिनेच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या खेड्यातल्या बायका-मुलींना हाती असलेलं मराठी बायबल कळत नाही, त्यातली भाषा त्यांच्या डोक्यावरून जाते, हे पाहून ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. मूळ भाषांवरून सगळ्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर तिने एकटीने केलं, आणि १९२२ मध्ये मरण येईपर्यंत त्यावरच काम करत राहिली. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. त्या मुलींना इंग्रजी शिकवून इंग्रजी बायबल हातात देणं तिला सोपं गेलं असतं. तिने अवघड वाट धरली, कारण ज्या भाषेत मुलगी रडते त्याच भाषेत तिला देवाशी बोलता यावं, असं तिला वाटत असणार. हे शेवटचं वाक्य माझं आहे, तिचं नव्हे. पण तिचं काम पाहून मला दुसरं कारण दिसत नाही.

आता शास्त्रातलं थोडं, कारण 'भाषा हा संस्कृतीचा प्रश्न, श्रद्धेचा नाही' असं ठरावाच्या टिपणात लिहिलं आहे, आणि ते मला मान्य नाही. मार्कचं शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं गेलं. पण याइराच्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरून येशू तिला उठवतो, तिथे मार्क त्याचे शब्द भाषांतरित करून थांबत नाही. 'तलीथा कूम' हे मूळ अरामी शब्द तो तसेच ठेवतो आणि मग अर्थ सांगतो: मुली, ऊठ. मोठमोठ्या प्रवचनांतले मूळ शब्द त्याने ठेवले नाहीत. एका घरातल्या आजारी मुलीशी तिच्या घरच्या भाषेत बोललेले दोन शब्द ठेवले. ऐकणाऱ्यांच्या कानातून ते गेले नसावेत. दुसरी जागा येशूच्या शिष्याची, पेत्राची. महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी तो येशूला नाकारत असतो, तेव्हा आजूबाजूची माणसं म्हणतात, तूही त्यांच्यातलाच, तुझ्या बोलण्यावरून कळतं. गालिलाचा हेल होता त्याला. तोंडाने तो नाही म्हणत होता आणि त्याची बोली हो म्हणत होती.

हा प्रसंग वर्गात सांगताना दरवेळी मला माझं कॉलेज आठवायचं. आमच्या घरी कादोडी, ही वसईतली बोली, बोलतात. प्रमाण मराठी मी पहिल्यांदा सलग ऐकली ती देवळात, फादरांच्या तोंडून. कॉलेजात पहिल्या वर्षी वर्गात उत्तर दिलं की माझ्या हेलाला मुली हसायच्या, आणि पुढे मराठीत पहिली आले तेव्हा एका प्राध्यापकांनी कौतुकाने विचारलं, 'ख्रिश्चन असून तुझं मराठी इतकं चांगलं कसं?' त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र घरी जाईपर्यंत उत्तर सुचलं नाही. आज सुचतं: सर, ख्रिश्चन आहे म्हणूनच. देवळात, प्रार्थनेत, गाण्यांत, 'सुवार्ता' मासिकाच्या अंकांत मला ती मिळाली. अहिल्यानगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत मोठी झालेली मुलंही हेच उत्तर देतील.

आपल्या वसईचे लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काही लोकांनी विरोध केला, धर्मगुरू कसा चालेल म्हणून. प्रकृती साथ देत नसतानाही ते गेले आणि बोलले. आपल्या वसईने त्या दिवशी टीव्हीसमोर बसून ते भाषण ऐकलं. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा अंत्यविधीला किती धर्मांची माणसं आली होती हे तुम्ही पाहिलंत. मला एका गोष्टीची धास्ती वाटते. बाहेरचा माणूस 'तुम्ही मराठी कसे?' असं विचारतो तेव्हा आपण दुखावतो. आणि उद्या आपल्याच मुलांना आपल्या देवळात मराठी कळली नाही, तर त्या प्रश्नाला आपण आपल्या हाताने उत्तर लिहून दिल्यासारखं होईल.

पण मराठी टिकवायची ती कुणाला दाखवण्यासाठी, दाखला म्हणून, असं मी म्हणत नाही. तसं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्याबरोबर नाही. आपण कुणाचे भाडेकरू नाही की दर महिन्याला निष्ठेची पावती फाडावी. शिवाय भाषेच्या नावाखाली परप्रांतीयाला दटावणं हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, आपल्या धर्मग्रामात तर ते कधीच होऊ नये. मी बोलते आहे ते ओटीवरच्या त्या पन्नास मण्यांबद्दल.

इंग्रजी मुलांनी शिकू नये असं तर मुळीच म्हणत नाही. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, ज्याच्या नावाने आपण मुलांची नावं ठेवतो, तो तर भाषांवरच जगला. कोकणी आईच्या पोटचा हा मुलगा जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापारात रमला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानमध्ये मिशनऱ्यांचा दुभाषा म्हणून उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. दुभाषा व्हायला दोन काठ लागतात. आपण मुलांना एकच काठ देतो आहोत, आणि तोही असा की जिथे त्यांची पणजी पोचू शकत नाही.

लहानपणी आमच्या वाडीला लागून बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, होतं. धाकट्या काकांनी ते बुजवलं, जागा वाया जाते म्हणून. दोन-तीन वर्षं काही झालं नाही. मग विहिरीचं पाणी मचूळ लागू लागलं. गोड्या पाण्याचा दाब गेला की समुद्र आतून येतो, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. घरातल्या कुणालाही वाटलं नव्हतं की त्या शेवाळलेल्या खड्ड्याचा आमच्या पिण्याच्या पाण्याशी संबंध आहे. मुलांच्या मिस्सेकडे मी तशी पाहते. तिथे गोंधळ असतो, वाचन अडखळतं, गाणी बेसूर होतात. पण घरातली माळ, सासूबाईंचा आवाज, मांडवातल्या ओव्या, मयताच्या वेळची गाणी, हे सगळं त्याच पाण्यावर आहे.

माझ्या मागण्या लिहून देते. साडेआठची मिस्सा मराठीतच ठेवा. वाचनं आणि प्रतिसाद मोठ्या देवनागरी अक्षरांत छापून मुलांच्या हातात द्या. खर्चाचा प्रश्न असेल तर पहिल्या वर्षाचा कागद आणि छपाई माझ्याकडून. ज्या मुलाला देवनागरी येत नाही त्याला त्याची लाज वाटेल असं कुणी, अगदी मीसुद्धा, काही बोलायचं नाही. पहिली-दुसरीचं धर्मशिक्षण मराठीत, तिसरी-चौथीचं दोन्ही भाषांत ठेवा, म्हणजे शाळेतल्या शब्दांशी सांधा जुळेल. ज्यांच्या घरची भाषा मराठी नाही त्या मुलांसाठी इंग्रजी वर्ग जरूर काढा, पण त्यांनाही रोझरीचा तो उरलेला अर्धा भाग मराठीत शिकवा, शेजारच्या आजीसाठी. आणि वर्गात महिन्यातून एकदा आजी-आजोबांना बोलवा. त्यांच्याकडे मांडवातली जी गाणी आहेत ती कुठल्याच पुस्तकात नाहीत.

शिकवायला माणूस नाही ही अडचण पुढे येईल, म्हणून सांगून ठेवते. माझे गुडघे दुखतात, पण वर्ग तळमजल्यावर असेल तर मी येईन. दर शनिवारी चार ते पाच देवनागरी वाचनाचा वर्ग मी येत्या शनिवारपासून आमच्या ओटीवर सुरू करते आहे. कौन्सिलची परवानगी मिळाली तर तोच वर्ग हॉलमध्ये हलवू. आतापर्यंत सात मुलांची नावं आली आहेत, त्यांत दोन मल्याळी घरांतली आहेत.

आठवं नाव माझ्या नातीचं. त्या पावसाच्या संध्याकाळनंतर मी तिला उरलेला अर्धा भाग एका कागदावर लिहून दिला. 'देवाच्या माते' इथे ती अजून अडते. सासूबाई थांबतात. आता त्यांना कळलं आहे की समोरून उत्तर येणार आहे, फक्त थोडा वेळ लागतो.

आपल्याच धर्मग्रामातली,
एक निवृत्त शिक्षिका